जुन्या मोटारीचा मागचा दिवा

जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून, खोलून, पुन्हा बसवणारा मेस्त्री आजही शोधला तर सापडतो. पत्र्याचे काम करणारे आहेत, रंग मारणारे आहेत, गाद्यांवर कातडे चढवणारेही आहेत. गाडी अडते ती बहुतेक वेळा मागच्या दिव्यापाशी. बोटभर पितळी होल्डर, त्यातली स्प्रिंग, फायबरची चकती आणि सुती वेष्टणाची वायर हे सगळे मिळून मुठीत मावेल एवढेच सामान. पण त्यातला एक तुकडा निकामी झाला की लाखो रुपये खर्चून उभी केलेली गाडी संध्याकाळनंतर रस्त्यावर काढता येत नाही. हे लहान दिवे दुरुस्त करण्याचा धंदा महाराष्ट्रात कसा रुजला, याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही. खरे तर या धंद्याने आपल्याकडच्या जुन्या गाड्या जेवढ्या जगवल्या, तेवढ्या श्रीमंतांच्या हौसेनेही जगवल्या नाहीत.

हा धंदा कोणत्या गाड्यांवर जगला, ते मराठवाड्यातल्या एका गावावरून पाहू. जालना जिल्ह्यातले तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातले बाजाराचे गाव. गोदावरी दक्षिणेला, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १ मे १९८१ रोजी. तोपर्यंत सारा कारभार औरंगाबाद जिल्ह्याचा. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर जालन्याला आली, पण तीर्थपुरीसारखी गावे रुळापासून लांबच राहिली. तिथे यंत्रावर चालणारे वाहन यायचे ते रस्त्यानेच. त्यामुळे या भागातला मोटारीचा इतिहास हा राजवाड्यापेक्षा बस, जीप आणि ट्रकचा इतिहास आहे.

राजवाड्याची मोटारही होती, हे मात्र खरे. सहावा निजाम मीर महबूब अली खान याने मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आजही पाहायला मिळते. लंडनच्या बार्कर कंपनीने तिचा सांगाडा सजवला. निजाम १९११ मध्येच वारला आणि गाडी त्यानंतर पोचली. ती फारशी रस्त्यावर आलीच नाही. रयतेच्या वाट्याला मोटार आली ती वेगळ्या वाटेने. १९३२ च्या जूनमध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचे खाते सुरू केले तेव्हा त्यात २७ बसगाड्या आणि १६६ माणसे होती. स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या गाड्या त्या काळात हैदराबादच्या रस्त्यांवर धावत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा या खात्याचा मराठवाड्यातला पसाराही इकडे आला, आणि पुढे तो राज्य परिवहन महामंडळात मिसळला.

गाडीवर विजेचा दिवा सुरुवातीपासून नव्हता. मुंबईत १८९८ च्या सुमारास पहिल्या मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या बाजूचे आणि मागचे दिवे रॉकेलचे असत. पुढे मोठ्या दिव्यांसाठी कार्बाइड आले. पायफळीवर एक पितळी डबा बसवलेला असे. खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या कप्प्यात पाणी. पाणी थेंबथेंब खाली सोडले की ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा, रबरी नळीतून दिव्यात जायचा आणि पांढरीशुभ्र ज्योत पेटायची. मागे उरायचा तो विरलेला चुना. तो रोज खरवडून काढावा लागे. जत्रेतल्या दुकानांत आणि सायकलींवर हाच दिवा वापरात होता, त्यामुळे त्याची देखभाल आपल्या लोकांना नवी नव्हती. बर्नरचे सुईएवढे भोक बुजले की बारीक तार घालून मोकळे करायचे, पितळ चिरले की तांबटाकडून डाख लावून घ्यायचा. मोटारीच्या दिव्याचे पहिले दुरुस्तीकार हे असे जुन्याच हत्यारांचे आणि जुन्याच कसबाचे लोक होते.

१९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगच्या शोधावर उभी केलेली गाडी आणली. तिचे इंजिन विजेने सुरू होई आणि दिवेही विजेवर लागत. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१५ मध्ये विजेचे पुढचे दिवे आले. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीने, जी आधी सायकलचे दिवे बनवत होती, जवळपास सगळ्या ब्रिटिश मोटारींचे दिवे, डायनॅमो आणि स्विच पुरवायला सुरुवात केली. हिंदुस्थानात जुन्या पितळी दिव्यांच्या मालकांनी दिवे फेकले नाहीत. बर्नर काढून त्याच जागी बल्बचा होल्डर बसवला, नळीच्या भोकातून वायर ओढली आणि तोच दिवा पुढे वापरला. आज अशा बदललेल्या दिव्याला काही संग्राहक नाके मुरडतात. तसे करू नये. तो बदलही त्या गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे, आणि करणाऱ्याचा हात बहुधा चांगला असे.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जुळवायचा कारखाना काढला. हिंदुस्थानातला हा असा पहिलाच. तिथून बाहेर पडणाऱ्या शेव्हरलेट गाड्यांवर अमेरिकी पद्धतीची सहा व्होल्टची वीज असे. दुसरीकडे ब्रिटिश गाड्यांत बारा व्होल्ट वाढत चालले होते. त्यातही एक गुंता होता. बॅटरीचे एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडतात, त्याला कारागीर ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी’ म्हणतात. शेव्हरलेटमध्ये ऋण टोक पत्र्याला जोडलेले, तर फोर्डमध्ये आणि बहुतेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक. एकाच गॅरेजात सकाळी सहा व्होल्टची फोर्ड आणि दुपारी बारा व्होल्टची मॉरिस येई. बॅटरी उलटी लावली की डायनॅमोची चुंबकता फिरे आणि डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या कटआऊटचे पॉइंट जळत. म्हणून चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाडीला हात लावण्याआधी बॅटरीची जाडी पट्टी कुठल्या टोकापासून निघून चासिसला गेली आहे, ते पाहायचा. ही सवय आजही जुन्या हाताच्या माणसात दिसते.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे अंधार. किनारपट्टीच्या शहरांत हेडलाइटवर झापडी बसवून प्रकाश खाली दाबायचा हुकूम निघाला. १९७१ च्या युद्धातही मुंबईने असा ब्लॅकआउट पाहिला आणि दिव्यांच्या काचा काळ्या कागदाने, रंगाने झाकल्या गेल्या. दुसरी म्हणजे जीप. युद्ध संपल्यावर लष्कराच्या विलीज जीप लिलावात निघाल्या, आणि स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रा कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. मराठवाड्यातल्या काळ्या चिकणमातीच्या वाटांवर पावसाळ्यात चालू शकणारे चारचाकी वाहन तेवढेच. या युद्धकाळातल्या जीपच्या दिव्यांत एक फार शहाणी सोय होती. हेडलाइट बिजागरीवर बसवलेला असे. पाकळीचा नट सैल केला की दिवा उलटा वर फिरवता येई आणि त्याचा झोत थेट इंजिनावर पडे. रात्री रानात गाडी बंद पडली तर दुरुस्तीला दुसऱ्या बत्तीची गरज नाही. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार करून घडवलेला असा दिवा मोटारींच्या इतिहासात विरळाच.

मग १९५३ साल आले. सरकारने ठरवले की ज्या कंपन्या इथे गाडी प्रत्यक्ष बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनीच राहावे. नुसती जुळणी नको. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला, फोर्डनेही गाशा गुंडाळला. रस्त्यावर मात्र त्यांच्या गाड्या होत्याच. आता त्यांचे सहा व्होल्टचे बल्ब, लाल काचा, रबरी गॅस्केट, स्विच यातले काहीही परदेशातून सहज येईना. आयातीला परवाना लागे, आणि मागच्या दिव्याच्या काचेसाठी परवाना कोण देणार? दिवे दुरुस्त करणाऱ्याचा खरा काळ इथे सुरू झाला. मुंबईत चोर बाजाराची मटन स्ट्रीट, कुर्ल्याची जुन्या सुट्या भागांची दुकाने, पुण्यात नाना पेठ या ठिकाणी मोडीत निघालेल्या गाड्यांचे दिवे सुटे विकले जाऊ लागले. जे मिळेना ते घडवले जाऊ लागले. लेथवर पितळ कातून होल्डर, लाल प्लॅस्टिक तापवून साच्यावर बसवलेली काच, ट्यूबचे रबर कापून केलेला गॅस्केट.

एसटीच्या कार्यशाळांनी या धंद्याला माणसे दिली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली, तेव्हा ताफ्यात शेव्हरलेट, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, आल्बियन, लेलँड, कॉमर अशा दहा कंपन्यांची वाहने होती. दहा तऱ्हांचे दिवे, दहा तऱ्हांचे स्विच. दापोडीची आणि मराठवाड्यासाठी चिकलठाण्याची मध्यवर्ती कार्यशाळा ही अशा कामाची मोठी शाळाच होती.

या कामात बल्ब उडणे हा सगळ्यात सोपा दोष. खरी खोड असते ती परतीच्या वाटेत. मोटारीत दिव्याकडे एकच वायर जाते. वीज परत येते ती दिव्याच्या धातूच्या कवचातून, स्क्रूमधून आणि पत्र्यातून. दिव्याखाली रंगाचा थर आला, स्क्रू गंजला, कवच आणि पत्रा यांच्यामध्ये रबर बसले की वाट अडते. मग दिवा मिणमिणतो, किंवा गंमत म्हणजे ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागतो, कारण वीज दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढते. सहा व्होल्टच्या गाडीत हा दोष फार जाचतो. ३६ वॅटचा दिवा सहा व्होल्टवर सहा अँपिअर खेचतो. गंजलेल्या जोडात ०.२ ओहमचा अडथळा असेल तर तिथेच १.२ व्होल्ट, म्हणजे पाचवा हिस्सा जातो, आणि प्रकाश जवळपास निम्म्यावर येतो. तोच अडथळा बारा व्होल्टच्या गाडीत असला तर फक्त विसावा हिस्सा जातो; डोळ्याला कळतही नाही. ‘सहाच्या गाडीचे दिवे मुळातच मंद’ हा समज यातून पसरला. बहुतेक वेळा दोष व्होल्टचा नसतो, गंजाचा असतो.

दोष शोधायची हत्यारे साधी. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर अँपिअरचे मीटर असते, तेही उपयोगी पडते. इंजिन बंद ठेवून दिव्याचा स्विच ओढला आणि काटा हललाच नाही, तर तार कुठेतरी तुटली आहे. काटा एकदम टोकाला आपटला, तर शॉर्ट आहे, स्विच ताबडतोब बंद करायचा. ब्रिटिश गाडीत लुकासचे रंग वाचता आले तर निम्मे काम होते. तपकिरी वायर बॅटरीकडून येणारी, लाल पार्किंग आणि मागच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. पण सत्तर वर्षांच्या धुळीने आणि तेलाने सुती वेष्टणाचा रंग उरतच नाही. तेव्हा कारागीर क्लिपखाली दबलेला किंवा रबरी बुशाच्या आतला तुकडा शोधतो. तिथे ऊन-धूळ पोचत नाही आणि मूळ रंग तसाच राहतो.

मागच्या दिव्याचा होल्डर खोलला की आत काय असते? पितळी नळी, तिच्या दोन्ही बाजूंना बल्बच्या पिना अडकायच्या खाचा. आत फायबरची चकती, तिच्यात कथिलाचा थेंब असलेला संपर्कबिंदू, मागे स्प्रिंग. पाणी शिरले की स्प्रिंग गंजते, दाब जातो आणि बल्ब हलू लागतो. खाचा एमरी पेपरने घासायच्या, चकती वाकली असेल तर नवी कापायची, स्प्रिंग बदलायची, वायरला कथिलाचा नवा थेंब द्यायचा, आणि कवचाला वेगळी अर्थची वायर जोडून चासिसपर्यंत न्यायची. मूळ गाडीत ही वायर नसते. तरी ती जोडावी. ती दिसत नाही आणि दिवा वर्षानुवर्षे लागतो.

एक चूक मात्र अनेक गॅरेजांत झाली. एकाच बल्बात दोन तारा असतात, पार्किंगची पाच वॅटची आणि ब्रेकची एकवीस वॅटची. या बल्बच्या पिना मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसूच नये. साध्या बल्बच्या पिना समोरासमोर असतात. हवा तो बल्ब मिळाला नाही की पीन कानसून तो कसाही बसवायचे. मग गाडीचा मागचा दिवा कायम ब्रेक दाबल्यासारखा भगभगतो आणि खरा ब्रेक दाबला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यासाठी याहून वाईट दिवा नाही.

वळणाच्या दिव्याची कथा आणखी वेगळी. आजचा लुकलुकणारा इंडिकेटर यायच्या आधी मॉरिस मायनर, मॉरिस ऑक्सफर्ड या गाड्यांच्या दारामागच्या खांबात एक दांडा दडवलेला असे. याच ऑक्सफर्डवरून हिंदुस्थान मोटर्सने आपली ‘हिंदुस्थान फोर्टीन’ केली. स्विच फिरवला की आतली विद्युतचुंबकाची गुंडाळी लोखंडी गाभा ओढते आणि दांडा सिग्नलच्या हातासारखा बाहेर येतो; त्याच्या पोटात तीन वॅटचा लांबट बल्ब पेटतो. या दांड्याला बल्बची वीज नेणारी केसाएवढी वायर प्रत्येक वळणाला वाकते आणि शेवटी बिजागरीपाशी तुटते. तिथे जाड वायर घातली तर दांडा परत आत बसत नाही, ग्रीस लावले तर धूळ चिकटून अडकतो. बारीक, लवचिक तार आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, एवढेच त्याला चालते. घाईच्या माणसाने हे काम हाती घेऊ नये.

हेडलाइटच्या आतल्या वाटीला त्या काळी चांदीचा मुलामा असे. हवेतल्या गंधकाने तो काळवंडतो. मालकाला वाटते, पितळेच्या पॉलिशने चकाकेल. आणि दोन-चारदा घासल्यावर चांदी जाऊन खालचे पितळ दिसू लागते. ती वाटी पुन्हा चांदीच्या मुलाम्यालाच द्यावी लागते. क्रोम चढवून भागत नाही. क्रोम डोळ्यांना चकचकीत दिसतो, पण चांदीपेक्षा पुष्कळ कमी प्रकाश परत फेकतो.

मुंबईच्या टॅक्सीने या धंद्याला सर्वांत जास्त काळ पोसले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होई. सत्तरच्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. तिचे दिवे, काचा, होल्डर गल्लोगल्ली मिळत, आणि १९६१ नंतर मद्रासच्या लुकास-टीव्हीएससारख्या कंपन्यांमुळे विजेचे इतर भागही देशातच बनू लागले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपास थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिच्याबरोबर तिच्या दिव्यांवर हात बसलेल्या कारागिरांचे रोजचे कामही गेले. आता त्यांच्याकडे जुन्या गाडीचा दिवा वर्षातून एखादा येतो, आणि शागीर्द म्हणून कोणी येत नाही.

जुन्या गाड्या मात्र आहेत. कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३० च्या दशकातली मायबाख दसऱ्याला दसरा चौकात येते आणि हजारो लोक तिला पाहायला थांबतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती गाडी उभी आहे. गायकवाडांच्या बडोद्यात, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात २०२३ च्या जानेवारीत देशभरातल्या जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि अट अशी की चासिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. दिव्यांबद्दल नियम एवढे बारकाईने बोलत नाही. म्हणूनच तिथे सर्रास एलईडी बसवले जात आहेत. धन टोक पत्र्याला जोडलेल्या गाडीत साधा एलईडी बल्ब पेटतच नाही. आणि इंडिकेटरचा जुना फ्लॅशर तापलेल्या पट्टीवर चालत असल्याने एलईडीच्या किरकोळ प्रवाहावर लुकलुकत नाही. मग फ्लॅशर बदलतात, वायरिंग कापतात, आणि गाडीची मूळ वीजव्यवस्था एका दुपारी नाहीशी होते. दिवा उजेड देतो, पण गाडी तीच राहत नाही.

तीर्थपुरीच्या ऊसपट्ट्यात आज ऑटो इलेक्ट्रिशियनपुढे असतात ते ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि मोटारसायकली. गळीत हंगामात रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली म्हणजे काय धोका असतो, हे या रस्त्यांवर राहणाऱ्यांना सांगायला नको. मायबाखचा दिवा आणि ट्रॉलीचा दिवा यांचे दुखणे एकच: गंजलेला जोड, हरवलेली अर्थ, ढिली स्प्रिंग. आयटीआयमध्ये वाहनांच्या वीजकामाचा अभ्यासक्रम आहे. त्यात जुन्या होल्डरची, डायनॅमोची आणि सहा व्होल्टच्या वायरिंगची आठवडाभराची ओळख घालणे मुळीच अवघड नाही, आणि ती घालायला हवी.

ज्यांच्या घरी, वाड्यात किंवा शेतातल्या शेडमध्ये जुनी जीप, फियाट किंवा मॉरिस उभी आहे, त्यांनी तिचे दिवे भंगारात देऊ नयेत. फुटकी काच, गंजलेला होल्डर, वाकलेला दांडा, सगळे पिशवीत भरून गाडीतच ठेवावे. वायर काढण्याआधी कोणती कुठे जाते त्याचे फोटो काढून ठेवावेत. आणि गावात साठी-सत्तरीचा ऑटो इलेक्ट्रिशियन असेल, तर गाडी त्याच्याकडे न्यावी आणि सोबत एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी बसवावी.